वर्ग म्हणतो पिप डोक्यात जातो, आता पुढे काय?

पत्र: ताई, मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. यंदा डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घेतलीये (पिप नावाचं अनाथ पोरगं, त्याला वाढवणारा लोहार मेहुणा जो, आणि पिपला अचानक अज्ञात माणसाकडून मिळालेला पैसा) आणि ठरवलं होतं की लेक्चर झोडायचं नाही, गटचर्चेतून शिकवायचं. अठ्ठावीस मुलं, सात-सात जणांचे चार गट, प्रत्येकाला कामाची चिठ्ठी, म्हणजे एकाने प्रश्न काढायचे, एकाने सारांश सांगायचा, एकाने अवघड शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचं वगैरे. पहिल्यांदा मजा आली. आता प्रत्येक गटात एकच पोरगं बोलतं, बाकीचे माना डोलावतात, चिठ्ठ्या मोबाइलवर सारांश बघून भरतात, आणि निम्म्या वर्गाला शेवट आधीच माहितीये. परवा एक मुलगी म्हणाली, "मिस, पिप डोक्यात जातो, जो त्याच्यासाठी एवढा जीव टाकतो आणि याला त्याची लाज वाटते." सगळे हो हो म्हणाले आणि पाच मिनिटांत चर्चा खल्लास. मोठं होण्याची गोष्ट आहे तर मुलं स्वतःबद्दल बोलतील असं वाटलं होतं, तसं विचारलंही, तर वर्ग चिडीचूप. त्यात शेजारच्या वर्गाची गोंगाटाची तक्रार आहेच. सोडून देऊ का हे सगळं आणि सरळ नोट्स देऊ? – वर्गात एकटीच बोलणारी

प्रिय एकटीच बोलणाऱ्या बाई,

नोट्स नका देऊ. म्हणजे परीक्षेच्या आधी एखादा कागद द्यायचा तर द्या, त्याने कोणाचं काही बिघडत नाही, पण चर्चा सोडायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठे दिसलंच नाही. उलट तुमच्या वर्गात चर्चा सुरू होता होता राहिलीये, आणि नेमकी कुठे राहिली तेही तुम्हीच लिहून पाठवलंय. ती मुलगी म्हणाली ना, पिप डोक्यात जातो. बरोबर बोलली ती. सगळे हो म्हणाले, आणि सगळेच हो म्हणाले की पुढे बोलायला उरतं काय? तिथे एकच विचारायचं, की बाई गं, पिपला जोची लाज वाटते हे तुला सांगितलं कोणी?

पिपनेच सांगितलंय की. अख्खी कादंबरी त्याच्या तोंडून आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दुसरा साक्षीदारच नाही. जो कुठे येऊन तक्रार करत नाही. गावातली त्याची मैत्रीण बिडी एक-दोनदा टोचून बोलते, पण तेही पिपने लिहिलं म्हणून आपल्याला कळतं. पैसा येऊन गेलेला, सगळ्यातून तावून सुलाखून निघालेला मोठा पिप बसून लिहितोय की मी असा वागलो होतो बरं का. आता, स्वतःची इतकी लाज काढणारी गोष्ट कोणी विचारलेली नसताना एवढी बारीकसारीक तपशिलात माणूस का सांगेल? सांगतोय म्हणून त्याला माफ करायचं? की सांगून सांगून तो आपल्याला हळूच स्वतःच्या बाजूला ओढतोय? यावर चौदा वर्षांची पोरं तासभर भांडतील, कारण कबूल केलं की सुटलो का हा प्रश्न त्या वयात रोजच पडलेला असतो.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे आणि बाकी सगळी त्याची अंमलबजावणी. गटाला असा प्रश्न द्या की ज्यावर त्यांचं आपापसात पटणार नाही आणि जो पुस्तक उघडल्याशिवाय सुटणार नाही. दोन्ही पाहिजे. नुसतं पटत नाही एवढंच असेल तर त्या गप्पा झाल्या, आणि नुसतं पुस्तकात सापडतंय असं असेल तर तो गृहपाठ झाला. 'पिपच्या स्वभावाचे पैलू सांगा' यात दोन्ही नाही, त्याला मोबाइलच बरा.

सत्ताविसावं प्रकरण घ्या उदाहरण म्हणून, मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातलं गटात वाचायला सगळ्यात भारी प्रकरण. पिप लंडनमध्ये साहेब होऊन राहतोय, बिडीचं पत्र येतं की जो भेटायला येतोय. आणि पिप काय लिहितो, तर पैसे देऊन त्याला लांब ठेवता आलं असतं तर मी नक्की पैसे दिले असते. मग जो येतो, दाराबाहेर पाय पुसतोय पुसतोय, संपतच नाही. आत येतो तर हॅट कुठे ठेवू कळत नाही, पक्ष्याचं अंड्यांसकट घरटं धरावं तशी दोन्ही हातांनी धरून उभा, शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवतो आणि ती पडते. उचलून ठेवतो, परत पडते. चहा-नाश्ता चाललाय, पिपचा खोलीतला सोबती हर्बर्ट समोर आहे, आणि हा माणूस क्रिकेटमध्ये कॅच पकडतात तसा धावत जाऊन हॅट झेलतोय, आणि एकदा तर ती झेलता झेलता उष्टं पाणी ओतायच्या भांड्यातच बुडते. हसू येतं वाचताना. मुलं हसतीलच, हसू द्या.

हसून झालं की गटाला एकच प्रश्न द्या: जो जेवायला थांबत नाही, निघून जातो, तर त्याने जायचं नक्की कुठल्या ओळीला ठरवलं? ओळीवर बोट ठेवायचं. कोणी म्हणेल हॅट पडली तिथे. कोणी म्हणेल नाही, पिपने तो गणवेशातला नोकर पोऱ्या ठेवलाय तो बघितला तिथेच. एखादं चलाख पोरगं म्हणेल की तो ठरवूनच आला होता, त्याला फक्त पिपचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला परत आल्याचा निरोप द्यायचा होता. मग त्यांना सांगा, जो पिपला कधी 'सर' म्हणतो आणि कधी जुन्या सवयीने 'ओल्ड चॅप' म्हणतो तेवढं पेन्सिलीने खुणा करत जा. हर्बर्ट गेल्यावरसुद्धा, दोघंच उरलेले असताना, जो 'सर' म्हणूनच सुरुवात करतो आणि पिप वैतागून म्हणतो की तू मला सर कसं काय म्हणू शकतोस, तर जो नुसता बघतो. त्या बघण्यात पिपला किंचित ठपका दिसतो. आणि निघताना मात्र सगळे 'सर' गळून पडतात आणि तो जे बोलतो, की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टी सोडून, स्वयंपाकघर सोडून, दलदल सोडून मी चुकीचाच, तू मला भट्टीच्या कपड्यांत हातात हातोडा घेतलेला बघ म्हणजे एवढा चुकीचा वाटणार नाही, ते एकदा कोणीतरी मोठ्याने वाचायलाच पाहिजे. तुम्ही वाचा. ते काम चिठ्ठी काढून देऊ नका कोणाला.

त्याच प्रकरणात अजून एक करता येतं, दोन रंगांच्या पेन्सिली. एका रंगाने तेव्हाच्या पिपला काय वाटत होतं ते, दुसऱ्या रंगाने आता लिहिणारा पिप त्यावर काय म्हणतोय ते. मधेच एक कबुली आहे की हा सगळा माझाच दोष होता, मी जोशी मोकळेपणाने वागलो असतो तर जोही माझ्याशी मोकळा राहिला असता, पण हे कळायची अक्कल तेव्हा मला नव्हती. हे कोण बोलतंय? मोठा. मग पैसे देऊन लांब ठेवलं असतं हे वाक्य कोणत्या रंगात? इथे गट फुटतो. वाटणं तेव्हाचं, सांगणं आत्ताचं. काही मुलं दोन्ही रंग ओढतात आणि तेच बरोबर आहे असं माझं मत, पण ते तुम्ही सांगायचं नाही. असं एकदा जमलं ना की मग पिप डोक्यात जातो हे वाक्य पोरं आपणहून दुरुस्त करायला लागतात, कुठला पिप विचारतात.

आता व्यवस्थेचं बघू. सात जणांचा गट म्हणजे एक रेडिओ आणि सहा श्रोते. चार-चार करा, सात गट होतील, फिरायला तुम्हाला जास्त पडेल पण चौघांत लपायला जागा नसते. आणि बोलायच्या आधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, ओळ कोणती आणि का. गप्प मुलीला गप्प राहायचं असतं असं नाही, तिचं वाक्य तयार व्हायच्या आत तुमच्या त्या बोलक्या पोराचं तीनदा बोलून झालेलं असतं. लिहिलेलं असलं की तिला वाचून दाखवता येतं. बोलक्या पोरासाठी साधा नियम, तो सगळ्यांच्या शेवटी बोलेल आणि त्याआधी बाकी तिघांपैकी एकाचं म्हणणं त्याच्या शब्दांत सांगेल, आणि ज्याचं म्हणणं सांगितलं तो हो बरोबर म्हणाला तरच स्वतःचं सुरू करेल. त्याला राग येईल पहिल्यांदा. नंतर आवडतं त्यांना, वकिलीची हौस असते बहुतेकांना.

चिठ्ठ्यांचं काय करायचं. ही भूमिका वाटून द्यायची पद्धत हार्वी डॅनियल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या १९९४च्या पुस्तकामुळे शाळाशाळांत पसरली, आणि गंमत म्हणजे पुढे २००२च्या आवृत्तीत त्यांनीच त्या भूमिकांच्या कागदांवरचा भर कमी केला, कारण वर्गावर्गांत ते यांत्रिक व्हायला लागले होते, मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून आपापला कागद वाचून मोकळी होत होती. म्हणजे तुमच्या वर्गात जे झालं ते जगभर झालंय, तुमचं काही चुकलं नाही. सुरुवातीला एक-दोन वेळा सवय लागावी म्हणून चिठ्ठ्या ठीक आहेत, नंतर फेकून द्या. चित्र काढणाऱ्या मुलाला चित्र काढायचं असेल तर काढू दे की, पण सगळे बोलत असताना एक जण खाली मान घालून हॅट रंगवतोय याला मी तरी चर्चा म्हणणार नाही.

आणि मग गटाचा प्रतिनिधी फळ्यापाशी येऊन 'आमच्या गटाने अशी चर्चा केली' सांगतो ते तर बंदच करा, सातव्या गटापर्यंत सगळे झोपतात. त्याऐवजी गट मोडा. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत जिगसॉ नावाची पद्धत काढली होती, त्यात प्रत्येक मुलाकडे असा एक तुकडा असतो जो बाकीच्यांकडे नाही. तुम्हाला अख्खी पद्धत आणायची गरज नाही, एवढंच करा की चर्चा संपत आली की प्रत्येक गटातल्या दोघांनी उठून दुसऱ्या टेबलावर जायचं आणि आपल्या गटाची ओळ तिथे मांडायची, तिथले लोक ती खोडायचा प्रयत्न करणार. दहा मिनिटं पुरतात. यात सगळ्यांनाच बोलावं लागतं, कारण जुनं टेबल मदतीला नसतं.

तुम्ही काय करायचं? फिरायचं, पण बसायचं नाही. बाई टेबलाशी बसल्या की चारही तोंडं बाईंकडे वळतात आणि मुलं बाईंना आवडेल ते बोलायला लागतात. मागे उभं राहायचं, पुस्तकात बघायचं, अडले तर एवढंच विचारायचं, "कुठल्या पानावर?" आणि विचारलं की थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण सेकंदभर थांबतात आणि पुढे बोलायला लागतात, तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद खूप वाटतात हो वर्गात उभं राहिल्यावर, जीव कासावीस होतो. मनात आकडे मोजा.

शेवट माहिती असलेल्या मुलांबद्दल तुम्ही फार काळजी करताय. ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून ऑगस्ट १८६१ पर्यंत डिकन्सच्याच 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात दर आठवड्याला तुकड्यातुकड्याने आली, तेव्हाच्या वाचकांना आठवडाभर तळमळत बसावं लागायचं, तो मुद्दाम लावलेला खटका आहे त्यात. पिपला पैसा देणारा कोण, एस्टेलाला वाढवणारी श्रीमंत म्हातारी मिस हॅविशॅम की दुसरं कोणी, हे रहस्य एकोणचाळिसाव्या प्रकरणात फुटतं. तुमच्या निम्म्या वर्गाला ते फुटलेलं आहे. ठीक. ज्यांना माहिती नाही त्यांचे वेगळे गट करा, अठराव्या प्रकरणाला जॅगर्स वकील पैशाची बातमी घेऊन आला की तिथे थांबा आणि त्यांना पैसेवाल्याचं नाव आणि तीन पुरावे लिहून पाकीट बंद करायला सांगा. एकोणचाळीसला उघडा.

आणि ज्यांना माहिती आहे त्यांना जास्त अवघड काम द्या: पिपला फसवलं कोणी? दहाव्या प्रकरणात खानावळीत एक अनोळखी माणूस आपली रम चक्क जोच्या कानशीने, म्हणजे पिपने लहानपणी एका पळालेल्या कैद्यासाठी चोरलेल्या कानशीने, ढवळतो आणि पोराच्या हातात शिलिंग ठेवतो, ते एक-एक पौंडाच्या दोन नोटांत गुंडाळलेलं. पिपने ते बघितलंय, विसरलाही नाहीये, तरी पुढे दोन आणि दोन चार करत नाही, की पैसा त्या कैद्याचा असेल. उलट अकराव्या प्रकरणात मिस हॅविशॅमच्या जिन्यात त्याला जॅगर्स भेटलेला असतो, हाताला सुगंधी साबणाचा वास येणारा माणूस, त्यामुळे पुढे तोच माणूस पैशाची बातमी घेऊन आला की पिप धरूनच चालतो की पैसा त्या घरातला. आणि एकोणिसाव्यात मिस हॅविशॅम त्याला तसं खुशाल समजू देते, वरून नातेवाइकांना जळवते. मग चव्वेचाळिसाव्या प्रकरणात पिप तिला जाब विचारतो तेव्हा ती म्हणते की ते फास तुझे तूच केलेस, मी नाही केले. खरं बोलते का ती? हे ठरवायला शेवट माहिती असणं ही अडचण नाही, ती अटच आहे. सारांशात कानशीने ढवळलेली रम नसते. मोबाइल आपोआप बाजूला राहतो.

आता ते चिडीचूप झालेलं. यावर मात्र मी जरा स्पष्ट बोलते. 'तुम्हाला कधी घरच्यांची लाज वाटलीये का' हा प्रश्न वर्गात सहा जणांसमोर विचारायचा नसतो. ज्याच्याकडे याचं खरं उत्तर आहे तोच सगळ्यात गप्प बसणार, आणि ज्याच्याकडे नाही तो काहीतरी गोड बनवून सांगणार. या वयात लाज ही चर्चेची वस्तू नसते, ती लपवायची वस्तू असते, आणि डिकन्सला हे पक्कं माहिती होतं म्हणून तर त्याने नववं प्रकरण लिहिलं. आठव्यात पिप पहिल्यांदा मिस हॅविशॅमकडे जातो, थांबलेली घड्याळं, पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख, आणि एस्टेला त्याचे हात राठ आहेत, बूट जाडेभरडे आहेत म्हणून हिणवते. तोपर्यंत त्याने आपल्या बुटांकडे कधी बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर बहीण आणि नातलग पंबलचूक खोदून खोदून विचारतात काय बघितलंस, तर पोरगं धडधडीत थापा मारतं. काळ्या मखमलीची बग्गी होती, घरातल्या घरात. एस्टेलाने खिडकीतून सोन्याच्या ताटात केक आणि वाइन दिली. चार कुत्रे होते, चांदीच्या टोपलीतल्या कटलेटांवर भांडत होते. झेंडे फडकवले.

विचारा गटाला, थापा का मारल्या? पिप एक कारण देतो, की खरं सांगितलं असतं तरी यांना कळलं नसतं, आणि मिस हॅविशॅमला यांच्या नजरेसमोर ओढत आणणं बरं वाटेना. पण पुढे जोला एकट्याला गाठून तो वेगळंच बोलतो, की मला वाटतं मी सामान्य नसतो तर बरं झालं असतं, माझे हात असे नसते तर, बूट असे नसते तर. मग खरं कारण कोणतं? बहिणीला खोटं आणि जोला खरं, असं का? मी एका वर्गात मागे बसून हे ऐकलंय. एक मुलगा म्हणाला, घरी विचारतात ना कसा होता दिवस, तेव्हा खरं सांगायला लागलं तर सगळंच सांगायला लागतं म्हणून काहीतरी मोठं फेकायचं म्हणजे विचारणं थांबतं. दुसरी म्हणाली, पण त्याने एवढं भारी फेकलं की विचारणं वाढलं. मग त्यांनी पान उघडून बघितलं की थापा मोठ्या का होत जातात, तर प्रत्येक थापेआधी कोणाचा तरी प्रश्न आहे. कोणीही 'माझ्या घरी' म्हटलं नाही आणि चाललं होतं सगळं स्वतःबद्दलच. अशा वेळी आपण मधे पडून 'म्हणजे तुझ्या घरीही असंच होतं ना रे' म्हणायचं नाही. एकदा म्हटलंत की पुढचे सहा आठवडे तोंड बंद. पिपच्या नावाखाली बोलू द्या, त्यासाठीच तर पिप आहे. अगदी वाटलंच तर तासाच्या शेवटी वहीत दोन ओळी स्वतःपुरत्या लिहून पान दुमडून ठेवायला सांगा, आणि दुमडलेलं पान खरोखर उघडू नका.

भाषेचं एक राहिलं. दीडशेच्या वर वर्षं जुनं इंग्रजी, मुलं अडकणारच. चर्चा ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत होऊ द्या, पुरावा म्हणून वाचायची ओळ मात्र डिकन्सचीच, मूळ इंग्रजीतली. एकोणसाठ प्रकरणं आहेत, सगळी गटात घ्यायचा हट्ट धरू नका, मेटाकुटीला याल. लेखकानेच तीन टप्पे पाडून दिलेत, एकोणीस, वीस आणि वीस प्रकरणांचे, त्या प्रत्येकातली तीन-चार नीट वाचा आणि मधलं तुम्ही गोष्टीसारखं सांगा. गावातल्या नाटकवेड्या वॉप्सलच्या नाटकाचं एकतिसावं प्रकरण मला स्वतःला फार आवडतं पण वेळ नसेल तर खुशाल गाळा, कोणी मरत नाही. पहिलं प्रकरण मात्र गाळायचं नाही आणि ते तुम्ही मोठ्याने वाचायचं, तो थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून आईबाप दिसायला कसे असतील ते ठरवणारा पोरगा एकदा कानात बसला पाहिजे.

शेवटाकडे याल तेव्हा एक मेजवानी आहे. डिकन्सने आधी वेगळा शेवट लिहिला होता. त्यात पिप आणि एस्टेला लंडनच्या पिकॅडिलीत रस्त्यात भेटतात, तिचं दुसरं लग्न झालेलं आहे, चार शब्द बोलतात, आणि संपलं. मित्र बुल्वर-लिटन या कादंबरीकाराच्या सांगण्यावरून त्याने तो बदलला आणि आज छापतात तो लिहिला, पडक्या बागेतली भेट, हातात हात. जुना शेवट डिकन्सचा मित्र फॉर्स्टरने त्याच्या चरित्रात १८७४ मध्ये छापला म्हणून आपल्याला मिळाला. दोन्ही कागद गटांना द्या, कुठला छापलेला ते सांगू नका (ज्यांना शेवट माहिती आहे त्यांना तोंड बंद ठेवायला सांगा, त्यांना तेवढं जमतं). आणि कुठला आवडला हे विचारू नका. आवडला विचारलं की हात वर करून मोजणी होते आणि विषय संपतो. असं विचारा की हॅटची गोष्ट आपल्याला इतकी खरीखुरी सांगणारा माणूस या दोनपैकी कुठला शेवट लिहील? आता आधीच्या रंगीत पेन्सिली कामाला येतात, कारण बागेतल्या शेवटात मोठा पिप आणि त्या वेळचा पिप वेगळे काढताच येत नाहीत, तो नंतर काय झालं ते सांगतच नाही, फक्त तेव्हा मला ताटातुटीची सावली दिसली नाही एवढं सांगतो. दिसली नाही म्हणजे नव्हती? का परत एकदा स्वतःला फसवतोय, मिस हॅविशॅमच्या पैशाबद्दल फसवलं तसं? मला स्वतःला रस्त्यातला शेवट जास्त पटतो, पण बागेतल्या शेवटाची बाजू घेऊन पोरांनी मला गप्प केलंय असंही झालंय, त्यामुळे तुमच्या मताचा भाव वर्गात फार वाढवू नका.

मार्कांचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणार आहात. बोलण्याला मार्क देऊ नका, दिलेत की बोलकं पोरगं श्रीमंत आणि लाजरी मुलगी नापास. प्रत्येक चर्चेनंतर एक पान घ्या: आधी माझं मत काय होतं, आता काय आहे, गटातल्या कोणी दाखवलेल्या कोणत्या ओळीमुळे. मत बदललं नसेल तरी चालेल, मग कोणती ओळ तुला हलवू शकली नाही आणि का ते लिही. हे पान मोबाइलवरून उतरवता येत नाही कारण शेजारचा काय म्हणाला ते नेटवर नसतं. तपासायला वेळ लागतो, तर दर वेळी दोनच गटांची नीट तपासा, बाकीच्यांवर सही.

आणि गोंगाटाचं म्हणाल तर लिहायची पाच मिनिटं असतात तेवढा वेळ शेजारच्या वर्गाला शांतता मिळेल, टेबलं बदलताना खुर्च्या सरकवायच्या नाहीत, उचलायच्या, आणि बाकीचा वेळ दार लावून घ्या.